आई दात बसवून घेत नाही

वर्षभर मी आईशी दातांवरून भांडतोय. तिला शेंगदाणा चावत नाही. भाकरी दुधात कुस्करून गिळते. वजन इतकं उतरलंय की बांगड्या कोपराकडे घसरतात. कवळी करून दिली, तर ती स्टीलच्या डब्यात पडून. पाहुणे आले की तोंडात, पाहुण्यांची पाठ फिरली की परत डब्यात.

शिराळ्याहून सांगलीला तिला तीनदा नेलं. हिरडीखालच्या हाडात बारीक स्क्रू बसवायचा आणि त्यावर कायमचा दात, म्हणजे इम्प्लांट, असं डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा जबडा हातात घेऊन समजावलं. शुगर नाही, हाड चांगलं, काही अडचण नाही म्हणाले. आई मान डोलवत होती. तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "न्हाई यायची मी."

"का पण?"

"माझ्या गवऱ्या मसनात गेल्या. आता दात लावून कुणाच्या लग्नात मिरवू?"

माझं डोकंच फिरलं. मोतीबिंदू काढताना या बाईला मसण आठवलं नव्हतं! गुडघ्यांना तेल चालतं, डोळ्यांत थेंब चालतात, मग दातांनीच काय घोडं मारलंय? मग म्हणे दुखेल. मग म्हणे सुनेला त्रास. एक सबब खोडली की दुसरी तयार. शेवटी मी ओरडलो, "मर मग उपाशी!" आईला असं बोललो मी.

ती म्हणाली, "भावजींचं सावडायला गेलतो, तवाचं इसरलास व्हय रं?"

माझे धाकटे चुलते फौजेतून आलेले. अपघातानंतर त्यांच्या मांडीत सळई बसवली होती. तिसऱ्या दिवशी राखेतून अस्थी वेचताना ती काळी पडलेली सळई माझ्या हाताला लागली. मी ती उचलून सगळ्या भावकीला दाखवली आणि म्हणालो, "फौजी माणूस, जाताना हत्यार जमा करून गेला." पुरुष हसले. मी सळई झुडपात भिरकावली. त्यानंतर चुलती माझ्याशी नीट बोलेना, तर मला वाटायचं, बांधाचं भांडण तिच्या डोक्यात आहे.

"निवद घिऊन तुझी चुलती तितंच हुबी हुती," आई म्हणाली. "माज्या राखंत तसलं काय घावाय नगं. तू हसशील, लेका."

नाही हसणार, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते कुठल्या तोंडानं म्हणणार? राग अजून तेवढाच आहे. फक्त तो आता तिच्यावर काढता येत नाही.

डॉक्टरांना फोन करून उद्याची तारीख रद्द केली. त्यांनी कारण विचारलं.

"वय झालंय तिचं," मी म्हणालो.