हुलग्यावरून जाणारी जीप

मी न् माझ्या म्हाताऱ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हुलगा पसरायचं. गाड्यांच्या चाकांखाली मळून निघावा म्हणून बोरी गावाला जाणाऱ्या रस्त्यावरच पसरला.

तेवढ्यात रोजचा जीपवाला आला. आखातात ट्रक चालवून आलेला. नाव मी कधी विचारलं नाही. खिडकीतून हात सोडून पत्र्यावर थापटत, पोराला निजवावं तशी गाडी न्यायचा.

म्हातारी म्हणाली, "म्हशी पुढं गेल्या की रं! तिकडं बी असाच रांगायचास?"

"तिकडं पाटीवरच एकशेवीस लिवलेलं, मावशी. दोन्ही अंगाला नुसती वाळू. हितं रस्त्यावर माणसं ऱ्हात्यात."

ती लई हसली. कोवळ्या उन्हात भुसा तरंगत राहिला.

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी विस्तवाचं मडकं धरून मी रस्त्याच्या मधोमध चाललो. मागं तिला घेऊन, माझ्याच चालीनं, त्याची जीप येत होती. मी वळून पाहिलं नाही, की बाजूला झालो नाही.