खंडेनवमीला धुतलेली गाडी

"धुतली? गाडी धुतली?" वकीलसाहेब एवढ्यानं ओरडले की खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन बंद पडलं, आणि आदिलाबादच्या कोर्टाच्या आवारातून जी कबुतरं उडाली ती अजून परतलेली नाहीत. "अहो, खून झालेल्या घरात कोणी सडा टाकतं का? कोणी धुतली?"

"वहिनीनं," मी म्हणालो.

"काऊन पण?"

"खंडेनवमी होती, साहेब."

वकीलसाहेब आमच्याच भागातले. चारचौघांत पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण धक्का बसला की त्यांच्या तोंडून 'का'च्या जागी गावचा 'काऊन' निघायचा. खंडेनवमी म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं नांगर, वखर, विळे, ट्रॅक्टर, मोटारसायकल, जे जे कामाला येतं ते सगळं धुऊन हळदकुंकू लावून पुजतात. धुतल्याशिवाय पूजा नाही.

"वरून वरून धुतली ना?" त्यांनी शेवटच्या आशेनं विचारलं.

"आतूनच जास्त."

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फाइल मिटली. ओरडत होते तोवर मला धीर होता.

हे प्रकरण मुळापासून सांगतो. माझ्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन मशीनला लावतात, तेव्हा कुठं तो पुढच्या खेपेपर्यंत टिकतो. आमचं गाव भीमपूरच्या पलीकडं, कागदावर हैदराबादच्या राज्यात, पण जवळपास महाराष्ट्रातच. आमचा कोंबडा आरवला तर त्याला दोन सरकारांची परवानगी लागते. तिथून पहाटेच्या बसनं जायचं, आणि मशीनवरून उतरलेल्या, पिळून टाकलेल्या कापडासारख्या माणसाला घेऊन दुपारच्या बसनं उभ्यानं यायचं. दादा सहा फुटांचा गडी. एक पोतं पाठीवर आणि दुसरं काखेत धरून चालायचा. तो माणूस बसच्या पायरीशी बसून ओकायचा आणि कंडक्टरची माफी मागायचा. एकदा म्हणालाही, "लेका, मशीनचं काई वाटत नाई. ह्या बसनं मराचं वाटते." त्यानंतर त्यानं एक खेप चुकवली. अंग असं सुजलं की वहिनीनं त्याच्या बोटातली अंगठी साबण लावून काढली.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. मागची सीट आडवी होईल, दादा निजून घरी येईल, एवढाच त्यामागचा हिशेब.

आदिलाबादच्या बाहेर हायवेला जुन्या गाड्या विकणारे बसतात. त्यातल्या एकाकडं ही पांढरी गाडी उभी होती. मी स्वतः बोलणारा माणूस आहे. थापा मारण्यात आमच्या मंडलात, म्हणजे तालुक्यात, मला कोणी हात धरला नव्हता. पण तो विक्रेता माझा गुरू निघाला. "एक ही मालिक, डॉक्टर साहब की गाडी," तो म्हणाला. "घर से दवाखाना, दवाखाने से घर. बारिश में तो निकाली ही नहीं, डॉक्टर साहब छाता लेकर पैदल जाते थे." मी विचारलं, आतून एवढा सुगंध कसला? तर म्हणे, मॅडमला अत्तराचा शौक होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असली थाप मला जन्मात सुचली नसती. दवाखाना हा शब्द ऐकून दादा म्हणाला, "घेऊन टाक. वळन हाय तिले दवाखान्याचं." विक्रेत्यानं पुढं केलेल्या कागदावर आम्ही सह्या केल्या. त्यावर लिहिलं होतं की गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी पसंत करून घेतली.

महिनाभर ती चालली. मग अत्तर उडालं आणि खालून भिजलेल्या गोणपाटाचा वास वर आला. मग तिला वेड लागलं. ब्रेक दाबला की वायपर फिरायचे, काच खाली केली की हॉर्न वाजायचा, आणि हॉर्न दाबला तर काहीच नाही, फक्त गाडी दुःखी व्हायची. असं करत करत एका शुक्रवारी, दवाखान्यातून परतताना, अर्ध्या रस्त्यात ती विझली. भर उन्हात दादा मागच्या सीटवर. काचा विजेवर चालणाऱ्या, त्या उघडेनात. मी दगडानं काच फोडून त्याला हवा दिली. मग ज्वारीचा कडबा घेऊन जाणारा ट्रॅक्टर थांबवला आणि दादाला कडब्यावर निजवून घरी आणलं. दादा वरून म्हणाला, "हे बेस हाय. हेच घेतलं अस्तं तं?"

गाडी दोरानं ओढून आणली. दुसऱ्या दिवशी दादाची गोळी सीटखाली पडली होती ती शोधताना मी खालचं कार्पेट ओढलं, तर खाली गाळ. वाळलेला, पिवळट, बोटभर जाड, आणि त्यात एक शिंपला. आमची माती काळी, कापसाची. ही माती आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नव्हती. म्हणजे ती गाडी कुठल्यातरी शहरात पुरात बुडाली होती, आणि कोणीतरी तिला पुसून, अत्तर मारून, डॉक्टरची बायको करून आमच्या गळ्यात घातली होती. शिंपल्याचं मी गावात सांगितलं तेव्हा खेकडा सांगितला. संध्याकाळपर्यंत मारुतीच्या पारावर त्याची मगर झाली होती, पण त्यात माझा हात फक्त पहिल्या पायरीपुरता.

तर वकीलसाहेब. त्यांनी कायदा समजावला तेव्हा मला वाटलं, एवढा चांगला कायदा आपल्या देशात आहे आणि आपण उगाच इतकी वर्षं रडत होतो. जुनी गाडी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं होत नाही. एखाद्यानं घरची गाडी विकली असती तर वेगळी गोष्ट, पण हा तर विकण्याचाच धंदा करतो, म्हणून तो जबाबदार. 'जशी आहे तशी'वर सही केली, तरी ती डोळ्यांना दिसणाऱ्या दोषापुरती. लपवलेल्या दोषाला ती सही झाकत नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. एवढ्या किमतीच्या गाडीला फीसुद्धा नाही. दोष सिद्ध झाला की पैसे परत, वर नुकसानभरपाई.

"फक्त एक," वकीलसाहेब म्हणाले. "दोष तुम्हालाच सिद्ध करायचा आहे. तुम्ही काढलेले फोटो दाखवले तर तो म्हणेल की गाळ तुम्हीच आणून टाकला. आयोग इंजिनीअर नेमेल, तो येऊन पाहील. सीटच्या सांगाड्यात, वायरींच्या आत पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची रेघ असते. ती रेघ म्हणजे तुमचा साक्षीदार. तोवर गाडीला हात लावायचा नाही. दुरुस्त करायची नाही, हलवायची नाही. दुरुस्त केलीत तर दोषच उरत नाही."

म्हणजे पाहा. दादाला नेण्यासाठी गाडी, आणि गाडी दादाला नेऊ नये हीच आमची केस. मेकॅनिक म्हणत होता वायरिंग बदलून देतो, चालेल कशीबशी. पण वायरिंग बदललं की पुरावा गेला, आणि पुरावा गेला की चांगली गाडी घेण्याचे पैसे कधीच आले नसते. आम्ही पैशांची वाट धरली. गाडी दारात ताडपत्रीखाली बसली. तारखा पडत गेल्या. एका तारखेला त्याचा वकील नव्हता, एकीला आमचा, एकीला आयोगाचे अध्यक्ष. कोंबड्यांनी बॉनेटखाली संसार मांडला, त्यांची पिल्लं मोठी होऊन त्यांनाही पिल्लं झाली. आणि दादा आठवड्यातून दोनदा, त्या गाडीला वळसा घालून, बसस्टॉपवर जायचा. जाताना तिच्याकडं बघायचा नाही. हळूहळू त्याच्या चपलेचा आवाज घसटत यायला लागला.

शेवटी आयोगानं इंजिनीअर नेमला. दसऱ्यानंतर चारेक दिवसांनी तो येणार होता.

खंडेनवमीला दादाची दवाखान्याची पाळी होती. आम्ही दोघं पहाटेच गेलो. वहिनी घरी. गल्लीत सगळ्यांचे ट्रॅक्टर, मोटारसायकली धुऊन झेंडू लावून उभे, आणि आमच्या दारात ताडपत्रीखाली एवढी मोठी गाडी, कोंबड्यांच्या शिटेनं माखलेली. वहिनीच्यानं बघवेना. तिनं शेजारणींना हाक मारली. सीटा काढल्या, कार्पेटं काढून दगडावर आपटली, आणि पाइपाचं पाणी सांदीत पोचेना म्हणून कापसावर फवारणी करायचा बॅटरीचा पंप आणला. त्या पंपाच्या नळीनं, कपड्याच्या पावडरचं पाणी भरून, तिनं त्या गाडीच्या हाडाहाडांतला गाळ काढला. आम्ही दुपारी बसमधून उतरलो तेव्हा गाडी अशी चमकत होती की सूर्य तिच्याकडं बघून डोळे मिचकावत होता. हार घातलेला. बॉनेटवर हळदीची पाच बोटं.

"वहिनी!" मी हातातली पिशवी तिथंच टाकली. "मी सांगतलं व्हतं ना, हात लावाचा नाई म्हनून! कोर्टाचं हाय ते! जेल होते!"

"तुमी तं मांगच्या साली हे बी सांगतलं व्हतं, भाऊजी, का विहिरीत मगर हाय," वहिनी पदरानं हात पुसत म्हणाली. "म्हनून का आमी पानी भराचं सोडलं? तुमचं खरं कोनतं न खोटं कोनतं, कोनाले समजाव?"

मी खाली पडलेली ताडपत्री उचलून तिची घडी घालायला लागलो.

"लक्ष्मीले कोनी असं घानीत ठेवते का?" ती पुढं म्हणाली, आणि मग आवाज बारीक करून, "म्हनलं, हिची पूजा झाली तं ह्यायचंबी काई सुधरन."

आणि दादा. दादानं बॉनेटवर हात फिरवला. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. "नवी झाली रे," तो म्हणाला, आणि दार उघडून मागच्या सीटवर जाऊन निजला. सीट ओली होती. तो तसाच पडून राहिला. त्या क्षणी मी काय ओरडणार होतो? दसरा झाल्यावर वकीलसाहेबांकडं गेलो, आणि माझ्या वाटणीचं ते ओरडले.

इंजिनीअर आला. सभ्य माणूस होता. टॉर्च घेऊन तासभर गाडीच्या पोटात शिरून बसला. विक्रेताही आला होता, पांढऱ्या बुटांत. तो गाडीभोवती एक चक्कर मारून वहिनीकडं बघत म्हणाला, "वा. भाभीजी ने बडी मेहनत की है." वहिनीनं ते खरं कौतुक समजून त्याला चहा केला. तो चहा प्यालाही. एरवी मी सांगितलं असतं की मी कप फोडला, पण नाही फोडला, बसून पाहत राहिलो.

इंजिनीअरनं खरं तेच लिहिलं, म्हणून त्याचा राग धरता येत नाही. गाडीत आत पाणी शिरल्याच्या खुणा आहेत, गंज आहे, वायरींत ओल आहे. परंतु गाडी अलीकडेच आतून पाण्याने धुतलेली असल्याने हे पाणी खरेदीपूर्वीचे की नंतरचे, हे सांगता येत नाही. मग त्या विक्रेत्याचा वकील आयोगापुढं उभा राहून म्हणाला की गाडी चांगलीच होती, ह्यांनीच घरात फवाऱ्यानं बुडवली. वर हेही म्हणाला, की गावात विचारलं तर लोक गाडीत मगर निघाल्याचं सांगतात, तेव्हा तक्रारदाराच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते आयोगानं ठरवावं. तिथं बसलेले सगळे हसले. एरवी लोकांना हसवलं की माझी छाती फुगते.

तक्रार फेटाळली. दोष खरेदीच्या वेळी होता हे सिद्ध झालं नाही.

वकीलसाहेब माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले. हैदराबादला राज्य आयोगात अपील करता येईल म्हणाले, मुदत आहे म्हणाले. पण ते सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, बसच्या पाट्या वाचत होते.

घरी पोचलो तेव्हा दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. पाय पुन्हा सुजलेले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पाळी. वहिनी दारात उभी, तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मी शिरल्या शिरल्या सुरू झालो. म्हटलं, दादा, घाबरायचं कारण नाही! आपण हैदराबादला जाऊ, तिथं नाही जमलं तर दिल्लीला जाऊ! त्या पांढऱ्या बुटांना अनवाणी घरी पाठवतो की नाही बघ! वकीलसाहेब तर म्हणाले, असली केस त्यांनी आयुष्यात पाहिली नाही, जज्जसुद्धा रडकुंडीला आले होते! मी हात हलवत होतो, आवाज चढवत होतो, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी किती मोठ्यानं बोलतोय.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग पाय थोडे आत ओढले.

"सकाळी मले उठवू नको," तो म्हणाला. "मी जात नाई."