शकूरभाईंनी लिहिलेली वेळ

शकूरभाईंना जो मेमो मिळाला होता, तो मी टाईप केला होता.

आज दुपारी त्यांना माती दिली. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी चाचींजवळ, त्यांच्या बायकोजवळ, बसले. परत आल्यापासून नुसती चिडचिड होतेय.

शकूरभाई आमच्या वाळूजच्या कंपनीत टाईम ऑफिसला होते. गेटजवळची खोली. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, ते रजिस्टरात लिहायचं. तीस वर्षं तेच काम.
मी तेव्हा एचआरला नवीन. पुंडलिकनगरहून कंपनीच्या बसनं यायचे.

शहरात काहीही होवो, कर्फ्यू, बंद, पाऊस, कंपनीची नोटीस ठरलेली.
"कामगारांनी घरीच थांबावे. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांनी हजर राहावे."

अत्यावश्यक म्हणजे कोण?
साहेब नाहीत. साहेब घरून फोनवर.
अत्यावश्यक म्हणजे शकूरभाई. स्वतःच्या लुनावर, स्वतःच्या पेट्रोलवर.
त्याची बदली सुट्टी मिळायची. फक्त कागदावर.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. आमची बस कशीबशी पोचली. पॅकिंगच्या अकरा बायका मात्र खेड्यावरून रिक्षानं येत होत्या. ठेकेदाराच्या कामगार. नाल्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. रिक्षावाल्यानं अलीकडंच उतरवलं. गुडघाभर पाण्यातून चालत त्या गेटवर आल्या. नऊची ड्युटी, पोचल्या दहा पाचला.

वॉचमननं अडवलं. "उशीर झाला. परत जा."
त्यातल्या कांताबाई म्हणाल्या, "परत कुठून जावं, भाऊ? रस्ता दिसंना झालाय."

शकूरभाई खोलीतून बाहेर आले. सगळ्यांना आत घेतलं. रजिस्टरात लिहिलं, हजर, १०.०५. एकेकीची सही, अंगठा.

दहा वीसला साहेबांचा फोन आला. कंपनी बंद करा. नोटीस मीच लिहिली, शकूरभाईंनी लावली. मी तिथंच उभी होते.

बाहेर पडता येईना म्हणून बायका कॅन्टीनमध्ये बसल्या. तर सुपरवायझर येऊन म्हणतो काय, "बसल्याच आहात तर लेबलं तरी लावा."
त्यांनी लावली. चार वाजेपर्यंत.

आणि पगाराला त्या दिवसाचा खाडा!

साहेबांचं म्हणणं, कंपनी साडेनऊलाच बंद झाली होती. त्यानंतर जे आले ते गैरहजर. मग लेबलं कुणी लावली, भुतांनी?

शकूरभाईंना बोलावलं. वेळ खोडा म्हणून सांगितलं.
ते म्हणाले, "साहेब, मी वेळ लिहितो. पैसे कापायचे तर तुम्ही कापा. वेळ खोडणार नाय."

दुसऱ्या दिवशी मेमो. विनापरवानगी माणसं आत घेतली म्हणून. मला डिक्टेट केला, मी टाईप केला. "सकाळी ९.३० वाजता कंपनी बंद झाल्यानंतर..."

शकूरभाईंनी चष्मा लावून वाचला.
"बेटा, यात टाइम चुकलाय. साडेनऊ नाय, दहा वीस. तूच तर होतीस."
मी म्हणाले, "शकूरभाई, सही करा ना. कशाला विषय वाढवता?"
वैताग आला होता मला. त्यांचाच. आता लिहायलाही लाज वाटते.
त्यांनी सही केली. शेजारी लिहिलं, वेळ मान्य नाही.

कांताबाई गप बसणाऱ्यातल्या नव्हत्या. अकराही जणींना घेऊन त्या सरकारी कामगार ऑफिसात गेल्या. तिथं शकूरभाईंना रजिस्टर घेऊन बोलावलं. नोटीस मी लिहिली म्हणून मलाही. साहेब शेजारच्या खुर्चीत.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, नोटीस किती वाजता लागली?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

शकूरभाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी वॉचमनची वही मागवली. तिच्यात बायका आल्याची वेळ होती, आणि गेटवर नोटीस लागल्याचीही. दोन्ही रजिस्टराशी जुळल्या. बायकांना तो दिवस मिळाला. शकूरभाईंचं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं ते गेलंच. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बस निघून जाईल तुझी. पळ."

पुढच्या पावसाळ्यात कंपनी परत पाण्यामुळं बंद. अत्यावश्यकच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच. आले लुनावर, रेनकोट घालून. मी चिडून विचारलं, "तुम्ही कशाला येता हो यांच्यासाठी?"
"यांच्यासाठी कोण येतंय? कुणी भिजत आलं तर लिहायला नको का कुणी?"

आज कांताबाई आल्या होत्या. सोबत चौघीजणी. वर्किंग डे होता. मी विचारलं, "सुट्टी दिली?"
"नाय दिली. पडू द्या की खाडा," म्हणाल्या, आणि चाचींच्या पायाशी बसल्या.

मग मला राहवलं नाही. मी चाचींना सांगितलं. मेमोचं. कामगार ऑफिसातलंही.

चाची म्हणाल्या, "मालूम है, बेटा. उसी दिन घर आके बोले थे. नयी लडकी है, डर गयी. उसको कुछ मत बोलो."

एवढी वर्षं त्या माणसानं मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं हो. एकदा तरी रागवायला हवं होतं!

शकूरभाई, नोटीस दहा वाजून वीस मिनिटांनी लागली. मी तिथंच उभी होते. मला चांगलं आठवतंय.

तुम्हाला माझा अखेरचा सलाम.