गाळलेली ओळ

आमच्या मरोळ गावठाणात कबर कुणाची कायमची नसते. दोन वर्षांनी ती उघडतात आणि हाडं घरच्यांनी कबरस्तानाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची असतात. शहाऐंशीच्या मे महिन्यात आमच्या आयची पाळी आली, तेव्हा माझा भाऊ इनास मालाडहून संगमरवरी पाटी घेऊन हजर! वर सोनेरी अक्षरांत ‘लाडक्या आईस’. आय चार वर्षं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा या लाडक्या लेकाला मरोळची बस सापडत नव्हती.

आयनं जन्मभर लोकांच्या अंगणात मसाला कांडून आम्हांला वाढवलं. ती गेल्यावर दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी कबरीवर मेणबत्ती लावायची आणि आठवडाभराचं सगळं तिला सांगायची. त्यावरच मी तगले.

कबर उघडली. इनासनं नाकाला रुमाल लावला. मी खाली बसून एकेक हाड पुसलं. मुसळ उचलणाऱ्या उजव्या हाताचं हाड थोडा वेळ मांडीवर ठेवलं.

मग फादरनी ‘आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू केलं. इनासचा आवाज सगळ्यांत मोठा. ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’, ही ओळ आली तशी मी तोंड मिटलं. ती संपल्यावर पुढचं म्हटलं.

बाहेर पडताना इनास म्हणाला, “सबिना, एवढी देवळात जातेस नि प्रार्थना विसरलीस?”

“विसरले नाही. देवासमोर खोटं बोलायचं नाही, असं आयनं शिकवलं होतं. दोघांनाही.”