शेपटीवरचा पत्ता

सावंतवाडीच्या आमच्या लॅबमधून पेपर कमी आणि किस्से जास्त निघतात. पेपरला रिव्ह्यूअर लागतो, किश्शाला नुसती लाईट गेली तरी पुरते. मला आता या सगळ्याचाच कंटाळा आलाय, पण सांगते.

* * *

आमचं काम विषाणूच्या कवचातल्या एका प्रथिनावर. अख्खा विषाणू नाही हो, घाबरू नका, फक्त ते प्रथिन! त्याच्या शेपटीच्या टोकाला एक छोटा सिग्नल असतो. पेशीत आतच थांब की बाहेरच्या भिंतीकडे जा, हे तो ठरवतो. प्रथिन जिथे थांबेल तिथेच नवा विषाणू बांधला जातो. हे पाहुण्यांना सांगता सांगता माझा घसा बसला. आमचा लॅब अटेंडंट बाबल फरशी पुसत होता. तो म्हणाला, "मॅडम, जंय रेती उतारली, थंयच गवंडी बसतलो. ह्येच्यात काय एवढा?"

वीस वर्षं शिकवतेय मी!

* * *

एकदा गोव्याहून पेशी आणताना इन्सुलीच्या दारू-तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. थर्मोकोलच्या खोक्यात गुलाबी पाणी भरलेल्या चपट्या बाटल्या. ड्युटीवरच्या माणसाचे डोळेच चमकले. "दारू कुठली म्हणायची ही?"

माझी पीएचडीची विद्यार्थिनी रुबिना रडवेली झाली. "साहेब, झाकण उघडू नका, मरतील!"

तो दोन पावलं मागे सरला. "कोण? आम्ही?"

* * *

मग प्रगती बघायला कमिटी आली. रुबिनाने पन्नास स्लाइड्स केल्या होत्या. प्रथिनाबद्दल प्रश्न दोन, सुरमईबद्दल अकरा. जाताना अध्यक्ष म्हणाले, "सोलकढी अप्रतिम. असंच काम चालू ठेवा!"

* * *

आता रुबिनाचंच सांगते. वेंगुर्ल्याची पोर, सहा वर्षं या एका प्रथिनामागे. मुदतवाढ संपत आलेली. महिनाअखेरीस थिसिस गेला नाही तर नोंदणी रद्द. या प्रथिनाचा सिग्नल 'आत थांब' सांगणारा, असं सगळे मानत. रुबिनाचा निष्कर्ष उलटा: सिग्नल निकामी आहे. तिने प्रथिन दिसावं म्हणून त्याला चमकणारा टॅग जोडला होता, आणि ते थेट भिंतीवर जाऊन चमकत होतं. फोटो तर काय सुंदर!

सोमवारी घरून आली ती दारातच उभी. तिच्या अब्बांनी आंब्याच्या पेट्यांना बागेच्या नावाचं नवं रंगीत स्टिकर लावलं होतं. एका पेटीवर ते नेमकं पत्त्यावर बसलं, आणि वाशीची पेटी गेली कोल्हापूरला.

"मॅडम, मी टॅग कुठे जोडला? शेपटीच्या टोकाला. सिग्नल त्याच्याखाली झाकला गेलाय, म्हणून प्रथिन वाट चुकून भिंतीवर गेलं."

थिसिस त्याच दिवशी बायंडिंगला जाणार होता. सांगायला लाज वाटते, पण मी म्हटलं, "राहू दे गं. कोणाच्या लक्षात येणार नाही." इतकी थकले होते मी.

तिने सरळ अब्बांना फोन लावला, स्पीकरवर. टॅग, सिग्नल, सगळं रडत रडत सांगितलं. "तुमच्या स्टिकरासारख्याच झाला, अब्बा. सहा वर्षां फुकट गेली."

अब्बा म्हणाले, "रडतंस कित्या गो? झाकल्यार वाट चुकता, म्हणजे पत्तो थंयच होतो, ह्यां तूच दाखवलंस ना!"