बोटीच्या पोरीचं शेवटचं पान

लोक म्हणतात, वैशालीकडे किस्से फार. किस्से कसले, संताप आहे तो! वेळच्या वेळी भांडायला मिळालं नाही की राग साचतो. तोच चार वर्षांनी चहाबरोबर सांगितला की लोक हसतात आणि त्याला किस्सा म्हणतात. माझ्याकडे हा माल भरपूर आहे, कारण आमचं त्रिकूटच तसं होतं. मी, लाँड्रीवाल्यांचा सुन्या आणि इचलकरंजीचा बसू. तिघांना एकच खूळ, जपानी गेमची मासिकं. नव्वदीच्या शेवटाला, कोल्हापुरात! भाषा येत नाही, गेम मिळत नाही आणि तिघांत मिळून एकही कॉम्प्युटर नाही.

*

सुरुवात बसूच्या अप्पांपासून झाली. अप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांनी जपानहून वापरलेले माग आणले होते. पेट्या उघडल्या त्या दिवशी मी आणि सुन्या तिथेच होतो. सुटे भाग गुंडाळायला रंगीत मासिकांची पानं वापरलेली, आणि तळाला एक अख्खं मासिक. मी बघते तो काय, फिटर एका सुंदर चित्रानं हाताचं ग्रीस पुसतोय!

मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "अवो ताई, चिंधी महाग हाय. कागूद फुकट!"

अप्पा म्हणाले, "घिऊन जावा समदं. पर बदली चिंध्या आणून द्या."

मी आईची जुनी साडी नेऊन दिली. आई ती साडी अजून शोधते.

*

त्या अख्ख्या मासिकात एका गेमची पूर्ण गोष्ट चित्रांतून दिली होती. गेम म्हणजे मारामारी नव्हे. पडद्यावर चित्र, खाली मजकूर. वाचत जायचं, मध्येच दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं, त्यावर पुढची गोष्ट ठरते. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात त्याला, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गोष्ट आम्ही चित्रांवरून लावली. एका बेटावर एक पोर आणि तिची आई. आधी बोट येते, मग मायलेकी कडाडून भांडतात, मग पोर शाळेत जाते आणि शेवटी लहान होऊन अंगणात खेळते. आम्हाला वाटलं, जपानी गोष्ट आहे, असेल असं!

पानांवरचे आकडेही उतरत जात होते. बसूनं ते दाखवलं, तर सुन्या ठामपणे म्हणाला, "रॉकेट सोडताना मोजत्यात न्हवं? तसं हाय ते."

आणि आम्हाला ते पटलं!

मासिकाला फार सुरकुत्या होत्या म्हणून सुन्यानं लाँड्रीत नेऊन पानन् पान इस्त्री केलं. त्यात पहिलं, बोटीचं पान सुटलं. मी घरी नसताना हा शहाणा ते माझ्या आईला देऊन मोकळा झाला. "काकू, फडताळात डब्यांखाली घाला. नुसती बोट हाय. गोष्टीत तिचं काय काम न्हाय." आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

*

निदान गेम तरी मिळतो का बघावं म्हणून मी राजारामपुरीतल्या एका सीडीच्या दुकानात गेले. "वाचायचा गेम आहे का?" म्हणून विचारलं.

"वाचायचा? मग लायब्ररीत जावा की!"

मी चिकाटीनं सगळं समजावून सांगितलं. चित्र, मजकूर, उत्तरं. मालकानं मान डोलवत ऐकून घेतलं, आत गेला आणि एक सीडी घेऊन आला.

"टायपिंग शिकायची हाय. ह्यात लई वाचाय लागतंय."

*

मग एक दिवस बसूचा फोन आला. "अक्का, पळत ये! खरा जपानी आलाय!"

माग बंद पडले होते आणि ते दुरुस्त करायला तिकडचे एक म्हातारे मेकॅनिक आले होते. आम्ही मासिक घेऊन एसटीनं इचलकरंजी गाठली. म्हाताऱ्यानं हात पुसले, मासिक हातात घेतलं, उलटं केलं आणि आमच्या शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

सुन्या माझ्या कानात म्हणाला, "उलटं धरलंय त्यानं."

त्याची भाषा, त्याचं मासिक, आणि उलटं धरलंय त्यानं! मी सुन्याच्या पाठीत एक ठेवून दिली. जपानी मासिक आपल्या शेवटच्या पानापासून सुरू होतं, उलटी गोष्ट आम्हीच वाचली होती!

म्हातारा वाचत गेला. हसला, गंभीर झाला, भांडणाच्या पानावर तर डोळे पुसले. मग पुढचं पान उलटायला बोट लावलं तर पान नाही. त्यानं रिकामा हात आमच्यापुढे धरला. पोर बोटीनं गेली की आईजवळ राहिली, हे त्याच पानावर होतं! आम्ही ते सगळ्यात बिनकामाचं म्हणून वरवर बघितलेलं. पोर बोटीत होती की धक्क्यावर, तिघांपैकी एकालाही आठवेना.

तेवढ्यात अप्पा गरजले, "त्या पावण्यांना माग दुरुस्तीला आणलंय! वाचनालय काढलंय व्हय हितं?"

घरी येऊन मी फडताळ उपसायला घेतलं, तर पहिल्याच खणाशी आईनं अडवलं. आई म्हणाली, "त्ये कागूद कवाच टाकलं. दिवाळीला नवं घातलं की."

*

त्या रागातच मी जपानी शिकायला लागले. चांगली शिकलेसुद्धा. त्याच काळात कसबा बावड्याचं एक स्थळ आलं. मुलाच्या मामांनी छंद विचारला. मी म्हटलं, "जपानी मासिकं वाचते."

"लग्नानंतर काय करणार त्यांचं?"

तोवर गप्प असलेला मुलगा पहिल्यांदाच बोलला, "फडताळात घालायला हुतील की."

मी उठले आणि त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. चमच्यासकट!

आई मागून ओरडली, "अगं, तोंडातला घास तरी गिळू दे त्याला!"

*

पुण्यात जपानी भाषांतराची नोकरी लागली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिकडं काय हाय? ऱ्हा हितंच." आम्ही भांडलो. मी नको नको ते बोलले, तीही बोलली, आणि मग तिनं अबोलाच धरला.

निघायच्या सकाळी ती माझ्यासाठी चटणी भरत होती. फडताळाच्या कोपऱ्यातला चटणीचा मोठा डबा तिनं उचलला आणि मला खाली रंगीत कागद दिसला. तेच पान!

"टाकलं म्हणालीस ना? खोटं बोललीस?"

"चित्र चांगलं हुतं," ती म्हणाली. अबोल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

मी पान ओढून घेतलं. बोट दिसत होती. धक्क्यावरची आई दिसत होती. बाकी अर्ध्या पानावर, नेमकी पोर असायची तिथं, डब्याच्या बुडाचा गंज उमटला होता. माझा तोल गेला. "नासवलंस ना सगळं! आता कसं कळायचं, गेली की राहिली?"

"गेली की."

"कशावरून? तुला वाचता येतं?"

आईनं पदराला हात पुसला आणि चित्रातल्या आईच्या तोंडावर बोट ठेवलं.

"ही रडत न्हाय बघ. बोट दिसायची बंद झाल्याबिगर कशी रडंल?"

मग तिनं चटणीची बरणी माझ्या पिशवीत खोचली आणि ओट्याकडे तोंड फिरवलं.

"नीघ आता. गाडी सुटंल."