दंडावरच्या फिती

अंबरनाथच्या कारखान्यात रंगारी असलेले दिनानाथ चौबळ दर खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत मांडायला एक लाकडी तोफ करत. तोफेभोवतीचे बोटभर उंचीचे गोलंदाज ते अस्सल गणवेशात रंगवत. पट्टा, बिल्ला, फीत, कशातही चूक त्यांना खपत नसे.

एकावन्न साली हेंद्रेपाड्याच्या पुतळाबाई तोफ बघायला आल्या. त्यांचा मुलगा जयदेव ब्रह्मदेशच्या लढाईत तोफेवरच मारला गेला होता. नेम धरून बसलेला, दंडावर दोन फितींचा नाईक दिनानाथांनी त्याच्याच फोटोवरून केला होता.

“दोनच फिती?” त्या म्हणाल्या. “तिसरी मिळणार व्हती त्याला. काढ की रे, तुझा रंग काय आटतोय?”

“मावशी, तीन फिती हवालदाराच्या. तोफेला हवालदार एकच, तो हा मागे उभा. जयदेवला तिसरी दिली, तर याची पुसावी लागेल.”

पुतळाबाईंनी लाकडी हवालदाराला बराच वेळ न्याहाळलं.

“याची पन आय असंल कुठं तरी.”

“असेल.”

“मग ऱ्हाऊ दे. पन माझ्या पोराच्या दोन तरी ठळक काढ. मला बारीक दिसत नाय.”

दिनानाथांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि माप बाजूला ठेवून दोन्ही फिती चांगल्या जाड काढल्या.